हेडफोनचा छंद सामान्य श्रोत्याच्या आवाक्यात राहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या खरेदीच्या निमित्ताने आपल्या दैनिकाच्या पुरवणीत हेडफोन, इअरफोन आणि त्यांच्या जोडीला लागणाऱ्या उपकरणांविषयी जो मजकूर येतो, तो मी नेमाने वाचते. मराठीत या विषयावर फार थोडे लिहिले जाते, त्यामुळे जे छापून येते त्यावर वाचक विश्वास ठेवून खरेदी करतात. मात्र अलीकडे या लेखनाचा, आणि त्याहून अधिक यूट्यूब व इन्स्टाग्रामवरील मराठी-हिंदी परीक्षणांचा, सूर असा झाला आहे की गाणे मनापासून ऐकायचे असेल तर चाळीस-पन्नास हजारांचा हेडफोन, तेवढ्याच किमतीचा अॅम्प्लिफायर, स्वतंत्र डॅक (डिजिटल फायलीतील आकड्यांचे ध्वनीच्या विद्युत लहरींत रूपांतर करणारे उपकरण), चांदीची केबल आणि ‘हाय-रेझ’, म्हणजे सीडीहून वरच्या प्रमाणाच्या, फायली यांवाचून गत्यंतर नाही. ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. ठाणे-नवी मुंबईत शिकणारी, नुकतीच नोकरीला लागलेली, गाण्याची खरी ओढ असलेली कितीतरी मुले तिच्यामुळे एक तर या छंदाच्या वाटेलाच जात नाहीत, किंवा मासिक हप्त्यांवर महागडी यंत्रे घेऊन बसतात. या दोन्ही गोष्टींचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

पहिला मुद्दा किमतीचा. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये ‘अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका’च्या नियतकालिकात २८३ हेडफोन-इअरफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेडफोनची विक्रीची किंमत आणि त्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खर्जापासून तार सप्तकापर्यंतचा आणि त्यापलीकडच्या सूक्ष्म स्वरांशांचा कोणता भाग तो किती मोठ्याने ऐकवतो, यांच्यात त्यांना काहीही संबंध आढळला नाही. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण आवाज कसा वाटतो हे ठरवणाऱ्या घटकांत फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा वाटा सर्वांत मोठा असतो. बहुसंख्य श्रोत्यांना कसा रिस्पॉन्स आवडतो, याचा शोध हार्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ पासून पुढे, श्रोत्याला कोणता हेडफोन चालू आहे हे कळू न देता घेतलेल्या चाचण्यांतून घेतला. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, त्याच्या जवळ जाणारा आवाज बहुतेकांनी पसंत केला. हे निष्कर्ष शोधनिबंधांतून जाहीर झाल्यामुळे ते कोणत्याही उत्पादकाला वापरता आले, आणि मूनड्रॉप, ट्रूथइअर, सेव्हन हर्ट्झ यांसारख्या चिनी कंपन्यांनी ते वापरून अत्यंत माफक किमतीचे तारेचे इअरफोन बाजारात आणले. आज दीड-दोन हजार रुपयांत जो इअरफोन मिळतो, त्याच्या तोडीचा आवाज पंधरा-वीस वर्षांपूर्वी या किमतीत मिळणे अवघड होते. या छंदात अलीकडे घडलेली सर्वांत मोठी आणि आनंदाची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच आपल्याकडील लेखनात दुय्यम ठरते.

याचा अर्थ महाग हेडफोन म्हणजे फसवणूक, असे मी म्हणत नाही. वजन, बांधणी, तासन्‌तास कानांवर ठेवता येण्याजोग्या कुशन, सुटे भाग मिळण्याची खात्री, मागून उघड्या हेडफोनमधून जाणवणारा मोकळेपणा यांसाठी पैसे मोजणे रास्त आहे, आणि ज्याला ते परवडते त्याने आनंदाने मोजावेत. शिवाय प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी असते, वरच्या पट्टीतील आवाज त्यामुळे बदलतो आणि मोजमापाचा आलेख आवडीनिवडीची जागा घेऊ शकत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की किमतीची पहिली पायरी ओलांडल्यावर पुढच्या प्रत्येक हजार रुपयांत नेमके काय वाढते, हे परीक्षकाने सांगितले पाहिजे. ‘आवाजात जान आहे’, ‘पडदा दूर झाल्यासारखे वाटते’ अशा वाक्यांतून ते कळत नाही.

आवाजात एखादी उणीव असलीच, तर ती बहुतेक वेळा इक्वलायझरने, म्हणजे खर्ज, मध्य, तार असे भाग हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, फुकटात भरून काढता येते, ही गोष्टही फार थोड्यांना ठाऊक आहे. विंडोज संगणकासाठी ‘इक्वलायझर एपीओ’ आणि अँड्रॉइड फोनसाठी ‘वेव्हलेट’ अशी साधने आहेत. ‘ऑटोईक्यू’ या खुल्या प्रकल्पात हजारो मॉडेलांसाठी तयार केलेले बदल विनामूल्य उपलब्ध आहेत. तीक्ष्ण वाटणारा ‘स’चा उच्चार किंवा तबल्याच्या बायाचा बेसुमार फुगलेला घुमारा दोन-तीन डेसिबलनी कमी केला, की जुनाच हेडफोन नव्याने आवडू लागतो. नव्या खरेदीचा सल्ला देण्याआधी हा उपाय सांगितला जावा, अशी माझी अपेक्षा आहे.

दुसरा मोठा खर्च डॅक आणि अॅम्प्लिफायरचा. येथे थोडे गणित उपयोगी पडते आणि ते शाळेतील विज्ञानापलीकडचे नाही. समजा इअरफोन ३२ ओहमचा आहे आणि एका मिलिवॉटला १०० डेसिबल आवाज देतो. संगीतातील अगदी मोठा क्षण ११० डेसिबलचा धरला, तर त्याला दहा मिलिवॉट, म्हणजे सुमारे ०.५७ व्होल्ट पुरतात. फोनच्या यूएसबी-सी खाचेत लावायचा हजारभर रुपयांचा चांगला डोंगल, म्हणजे चिमुकला डॅक-अॅम्प्लिफायर, साधारण एक व्होल्ट देतो आणि त्याचा खरखराट व विकृती कानाला जाणवण्याच्या मर्यादेखाली असतात. अशा इअरफोनला मोठा अॅम्प्लिफायर लावून आवाज सुधारण्याजोगे काही उरत नाही. याउलट ३०० ओहमचा, एका व्होल्टला ९७ डेसिबल देणारा हेडफोन असेल, तर त्याच ११० डेसिबलसाठी सुमारे साडेचार व्होल्ट लागतात, आणि तेथे वेगळा अॅम्प्लिफायर घेणे योग्य ठरते. तेव्हा अॅम्प्लिफायर हवा की नको, याचे उत्तर हेडफोनच्या खोक्यावर छापलेल्या ओहम आणि डेसिबल या दोन आकड्यांत असते. परीक्षणात हे दोन आकडे आणि त्यांचा अर्थ दिला, तर वाचकाचे कित्येक हजार रुपये वाचतील.

केबलबाबत फार लिहिण्यासारखे नाही. चांदी तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्केच अधिक वाहक आहे. सव्वा मीटरच्या साध्या तांब्याच्या केबलचा रोध अर्धा ओहम धरला, तरी ३२ ओहमच्या हेडफोनवर त्याचा परिणाम डेसिबलच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा होतो, आणि तोही सगळ्या स्वरांवर जवळजवळ सारखा, म्हणजे आवाज किंचित लहान होण्यापुरता. काही बहु-ड्रायव्हर, म्हणजे एका कानासाठी आवाज काढणारे अनेक घटक असलेल्या, इअरफोनांचा रोध स्वरागणिक बराच बदलतो आणि पाच-सहा ओहमपर्यंत खाली येतो. तेथे थोडा फरक पडू शकतो. पण केबल मजबूत असावी, कपड्याला घासल्यावर खरखरू नये आणि तुटली तर काढून बदलता यावी, या गोष्टी तिच्या धातूपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत.

नवा हेडफोन दोनशे तास वाजवत ठेवल्यावर त्याचा खरा आवाज ‘खुलतो’, हा सल्ला मात्र मला विशेष चिंताजनक वाटतो. कुशन मऊ होतात आणि आपला कान व मेंदू नव्या आवाजाला सरावतात, हे खरे आहे. बदल जाणवतो त्याचे मुख्य कारण तेच असते. पण दोनशे तास म्हणजे अहोरात्र वाजवले तरी आठ दिवसांहून अधिक होतात, आणि ऑनलाइन खरेदी परत करण्याची मुदत बहुधा सात किंवा दहा दिवसांची असते. रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्या माणसाने हा सल्ला पाळला, तर न आवडलेली वस्तू परत करण्याचा हक्क त्याच्या हातून जातो. पहिल्या दोन-तीन दिवसांत आवाज खटकला तर वस्तू परत करावी, असे वाचकांना स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

फायलींच्या दर्जाविषयीही असाच गोंधळ आहे. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून आणलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने, ज्यांत त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो) हे प्रमाण मनमानी ठरलेले नाही. माणसाला फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि वयानुसार ही मर्यादा खाली येत जाते, हे लक्षात घेऊन ते ठरले. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या प्रमाणातून गाळून असे दोन्ही प्रकारे ऐकवले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जेवढी यावीत तेवढीच. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि प्रशिक्षित श्रोत्यांत ते आणखी वाढले. म्हणजे फरक अजिबातच नाही असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु ज्या फरकासाठी प्रशिक्षण, शांत खोली आणि एकाग्रता लागते, तो ठाण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या श्रोत्याला विकला जाऊ नये. २०१४ मध्ये गाजावाजाने पुढे आलेल्या ‘एमक्यूए’ या हाय-रेझ फायलींच्या स्वरूपाचे काय झाले, हेही आठवावे. नवे डॅक, नवे परवाने, महागडी वर्गणी असा सारा पसारा त्याभोवती उभा राहिला. २०२३ च्या एप्रिलमध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये ‘टायडल’ या ऑनलाइन संगीत-सेवेनेही ते स्वरूप सोडून दिले. दरम्यान ‘ॲपल म्युझिक’ने २०२१ पासूनच सीडीच्या दर्जाचे संगीत जादा शुल्क न घेता देऊ केले होते.

आपल्या संगीताच्या बाबतीत तर हा मुद्दा अधिकच ठळक होतो. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गायक कर्ण्यासमोर गात, आणि त्या तबकड्यांवर साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उमटत नसे. नंतरच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांनी ही मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत नेली. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे, ज्यांचे निधन १९३७ मध्ये झाले, आज १९२ किलोहर्ट्झच्या फायलीत भरून मिळाले, तरी मूळ तबकडीत नसलेले स्वरांश त्यात कोठून येणार? अशा मुद्रणांच्या बाबतीत तबकडीची स्थिती चांगली असणे, ती योग्य वेगाने फिरवली जाणे आणि खरखर काढताना गायकाचा आवाज खरवडला न जाणे, या गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते. वेग चुकला तर गायकाची पट्टीच बदलते, आणि ते कोणत्याही हेडफोनने दुरुस्त होत नाही. जुन्या मुद्रणांची निगुतीने केलेली प्रत कोणती, हे सांगणारे सदर आपल्या दैनिकाने सुरू केले, तर शंभर उपकरण-परीक्षणांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

त्याच अनुषंगाने एक विनंती. मराठी वाचकांसाठी हेडफोन पारखताना परीक्षकांनी मराठी कान जे ऐकतात ते ऐकावे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकारता गुंजारव, ही वरच्या स्वरांशांची अप्रतिम कसोटी आहे. हेडफोनमध्ये साडेतीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास खळगा असेल तर ती मंदावते, आणि उंचवटा असेल तर पत्र्यासारखी वाजते. बायाचा घुमारा आणि ढोलकीच्या थापेचा ठसका यांतून खर्जाची पारख होते, हार्मोनियम आणि सारंगी एकत्र वाजत असता दोन्ही वेगळी ऐकू येतात का, यावरून मध्य सप्तकाची. नाटकाचे किंवा आकाशवाणीवरील भाषणाचे ध्वनिमुद्रण लावले तर मानवी आवाज नैसर्गिक आहे की नाही हे क्षणात कळते. आपल्याकडील परीक्षक परदेशी परीक्षकांचीच गाणी आणि त्यांचीच विशेषणे उचलतात, याची खरोखर गरज नाही.

दोन वस्तूंची तुलना कशी करावी, याबद्दलही सांगितले पाहिजे. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. त्यामुळे जो हेडफोन वा डॅक किंचित मोठ्याने वाजतो, तो आपोआप भरदार आणि स्पष्ट भासतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की दर्जाच वरचा आहे. दुकानात तुलना करताना दोन्हींचा आवाज शक्य तितका समान करून घ्यावा. घरी दोन डोंगल तपासायचे असतील, तर कोणता लावला आहे हे भावंडाने किंवा मित्राने न सांगता बदलत राहावे आणि आपण उत्तरे कागदावर लिहावीत. पुरेशा वेळा हे करूनही उत्तरे निम्म्याच्या आसपासच बरोबर येत असतील, तर स्वस्तातला डोंगल निश्चिंत मनाने ठेवावा.

आता प्रचाराविषयी. परीक्षकांना फुकट वस्तू मिळणे हा काही आपोआप गुन्हा होत नाही, पण ते लपवणे अयोग्य आहे आणि आता नियमांतही बसत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘अॅस्की’ने, समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रभावकांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. मानधन, फुकट वस्तू, सवलत, सहल असा कोणताही लाभ असेल, तर तो साध्या भाषेत, चटकन दिसेल अशा ठिकाणी सांगणे त्यानुसार आवश्यक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे, आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १९०००:२०२२ हे मानकही काढले, पण त्याचा स्वीकार ऐच्छिक ठेवला. कायदा असूनही व्हिडिओच्या वर्णनातील शेवटच्या ओळीत, ‘आणखी पाहा’ दाबल्यावर दिसेल अशा ठिकाणी हा उल्लेख दडवला जातो. वृत्तपत्राने येथे वरचा दंडक घालून द्यावा. प्रत्येक परीक्षणाखाली वस्तूची बाजारातील प्रत्यक्ष किंमत, ती विकत घेतली की कंपनीने पाठवली, पाठवली असल्यास परत केली की नाही, आणि तिची तुलना कोणत्या स्वस्त वस्तूशी केली, या गोष्टी छापल्या जाव्यात. ज्या परीक्षणात शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, ते माझ्या मते अपुरे आहे.

खर्च करण्याजोगी जी एक गोष्ट मला आपल्या भागातील प्रवाशांसाठी खरोखर मोलाची वाटते, ती म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणे. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचलेली, उलट लहरींनी गोंगाट पुसण्याची कल्पना आज चार-पाच हजारांच्या इअरफोनांतही आली आहे, आणि गाडीची सलग घरघर ती बऱ्यापैकी कमी करते. ठाणे–वाशी गाडीत ऐरोली-रबाळे ओलांडताना खिडक्या उघड्या असतात, आणि साध्या इअरफोनवाला प्रवासी नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो, आणि पुढे दर तीन डेसिबलना ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलवर ती जेमतेम चार तास उरते. रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास प्रवास करणाऱ्याने हे गणित स्वतःच करून पाहावे. ज्याला गोंगाट पुसणारे इअरफोन परवडत नाहीत, त्याने तारेच्या इअरफोनसोबत मिळणाऱ्या तिन्ही मापांच्या रबरी टोप्या लावून नीट घट्ट बसणारी निवडावी, किंवा शंभर-दोनशे रुपयांच्या फोमच्या टोप्या घ्याव्यात. बाहेरचा बराचसा आवाज तेवढ्यानेही अडतो आणि खर्जही भरून येतो. कुशन फाटल्या, पिनेपाशी तार तुटली, म्हणून चांगला हेडफोन टाकून देणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते की पिन बदलून देणारे कारागीर आपल्या स्थानकांच्या परिसरात अजून आहेत, आणि कुशन सुट्या मिळतात.

शेवटी एक सूचना, जी आपल्या दैनिकाने उचलून धरावी अशी माझी इच्छा आहे. या छंदातील अर्धी उधळपट्टी, ऐकून पाहायला जागा नसल्यामुळे होते. मॉलमधल्या दुकानात पाच मिनिटे, तीही लाउडस्पीकरच्या गलक्यात, हेडफोन कानाला लावून काही कळत नाही, म्हणून लोक व्हिडिओ पाहून पैसे मोजतात. १८९३ पासून ठाणेकरांना पुस्तके पुरवणारे आपले मराठी ग्रंथसंग्रहालय, तसेच वाशी-नेरुळकडची सार्वजनिक वाचनालये यांनी एका टेबलावर दोन इअरफोन, दोन हेडफोन, एक साधा डोंगल आणि एक जुना संगणक ठेवला, त्यात कायदेशीर मार्गाने घेतलेली काही चांगली मुद्रणे भरली, आणि नावनोंदणी करून अर्धा तास शांतपणे ऐकायची सोय केली, तर सारा खर्च तीस-चाळीस हजारांच्या आत होईल. टोप्या प्रत्येकाने स्वतःच्या आणाव्यात आणि कुशन दर वेळी पुसून घ्याव्यात, एवढे पथ्य पुरे. असा प्रयोग करायला एखादे वाचनालय तयार असेल, तर मोजमापे समजावून सांगणे, आवाजाची पातळी जुळवून देणे आणि रविवारी सकाळी टेबलाजवळ बसणे हे काम मी आनंदाने करीन. त्यासाठी माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहेच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (प.)